हफ्त-सीनचं ताट आणि फडताळातली भांडी

मार्च महिना लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येऊ लागतात. पहिल्यात इराणी नवरोजच्या टेबलाचा सुरेख फोटो असतो. आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, गव्हाचे हिरवेगार अंकुर, आणि खाली लिहिलेलं असतं की ही तीन हजार वर्षांची अखंड परंपरा आहे. दुसऱ्यात तोच फोटो असतो, त्यावर लाल फुली असते आणि खाली लिहिलेलं असतं की हा मजूसींचा, म्हणजे अग्निपूजकांचा सण आहे, मुसलमानांनी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पहिला मेसेज कौतुकाचा आणि दुसरा इशाऱ्याचा. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत दिसतं. हे टेबल जसंच्या तसं, सगळंच्या सगळं, इस्लामपूर्व इराणातून आलं आहे, असं दोघेही धरून चालतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे एखादी गोष्ट फार जुनी आहे असं कुणी सांगितलं की आधी तिच्या शब्दांकडे बघायची मला खोड लागली आहे. इथे शब्दांइतकीच टेबलावरची भांडी बोलतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हफ्त म्हणजे सात. आपला ‘हप्ता’ त्यातूनच आला, मग तो आठवड्याचा असो की कर्जाचा. सीन म्हणजे फारसी लिपीतलं ‘स’ हे अक्षर. 20 किंवा 21 मार्चला सूर्य विषुववृत्तावर येतो, त्या क्षणी इराणमध्ये नवं वर्ष सुरू होतं. पहाटेचे तीन वाजलेले असोत की दुपारचे बारा, घरातली माणसं त्या वेळी एका मांडणीभोवती बसतात. मांडणीत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू असतात: सब्जा म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे किंवा मसुराचे अंकुर, समनू म्हणजे मोड आलेल्या गव्हाचा साखर न घालता गोड होणारा घट्ट चीक, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका, सुमाक हा आंबट लाल मसाला, आणि संजद हे बोरासारखं दिसणारं वाळवलेलं फळ. शेजारी आरसा, मेणबत्त्या, अंडी, गुलाबपाणी, बहुतेक घरांत कुरआन आणि कवी हाफिजचा दीवान.

फारसीत आणि उर्दूत ‘स’ या एका उच्चारासाठी तीन अक्षरं आहेत: सीन, साद आणि से. हफ्त-सीनमध्ये फक्त सीन चालतो. मी वर्गात हा धडा घेतला तेव्हा मुलांना सात वस्तू सुचवायला सांगितल्या होत्या. एकजण म्हणाला, साबण! नाही चालणार, साबून सादने लिहितात. दुसरीने समोसा सांगितला. तो मात्र नियमात चोख बसला, सीनच आहे.

खुद्द इराणातही हा नियम फार कडक नाही. सुमाक मिळाला नाही तर सिक्का ठेवतात, संजद नसेल तर सुंबुलचं सुवासिक फूल ठेवतात, काहीच नसेल तर ‘साअत’, म्हणजे घरातलं घड्याळ उचलून मध्ये ठेवतात. साअत आणि सिक्का हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. घरात जे आहे आणि ज्याच्या नावाला सीन आहे, ते चालतं.

आता हे किती जुनं? अल-बिरुनी आपल्याकडे ‘किताबुल हिंद’मुळे माहीत आहे. त्याने त्याआधी, साधारण इ.स. 1000च्या सुमारास, निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात नवरोजचं वर्णन आहे. लोक एका थाळीच्या कडेने सात प्रकारची धान्यं पेरत आणि कोणतं कसं उगवतं त्यावरून त्या वर्षीच्या पिकाचा अंदाज बांधत, असं तो सांगतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी थाळी आहे, सातचा आकडा आहे, अंकुर आहेत. ‘स’ नाही.

पुढे सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ इस्फहानमध्ये बरीच वर्षं राहिला. बारीकसारीक गोष्टी टिपणारा माणूस. नवरोजला लोक रंगवलेली, सोनेरी मुलामा दिलेली अंडी एकमेकांना पाठवतात, हे तो लिहितो. सात ‘स’बद्दल त्याच्याकडे अक्षर नाही. 1860 साली जर्मन विद्वान हाइनरिश ब्रुग्श तेहरानमध्ये होता. त्याने सणाचं सविस्तर वर्णन केलं आहे, आणि ‘स’चा धागा तिथे पहिल्यांदा लागतो, तोही निराळ्याच रूपात. लोक बागेत ‘स’ने सुरू होणाऱ्या नावांची फुलझाडं लावतात, असं तो सांगतो. हफ्त-सीन या नावाने आज ओळखली जाणारी मांडणी आपल्याला खात्रीने दिसते ती गेल्या दीडेकशे वर्षांतच. विसाव्या शतकात वर्तमानपत्रं, रेडिओ आणि मग टीव्हीने ती घराघरांत एकसारखी केली. त्याआधी इराणच्या सगळ्या गावांत ती होतीच असं नाही.

म्हणजे पहिला मेसेज अर्धाच खरा. अंकुर जुने, थाळी जुनी, अंडी जुनी, पण ती एका ‘स’च्या दोऱ्यात ओवण्याचं काम अलीकडचं.

दुसऱ्या मेसेजवाल्यांकडे एक लाडकी गोष्ट असते, आणि गंमत म्हणजे पहिल्या मेसेजवाल्यांनाही ती तितकीच आवडते. पूर्वी ही मांडणी हफ्त-शीन होती, त्यात शराब असायची, शहद असायचा, शमा असायची. मग अरब आले, शराब गेली, तिच्या जागी सिरका आला आणि शीनचा सीन झाला. ऐकायला छान आहे. पण शब्द तपासा. शराब, शमा, शहद, शरबत हे सगळे अरबी शब्द आहेत. अरब येण्याच्या आधीच्या टेबलावर अरबी नावांच्या वस्तू कशा मांडल्या असतील? ही गोष्ट कुणीतरी नंतर रचली, आणि रचणाऱ्याने शब्दकोश उघडला नाही.

मला त्याहून एक साधी अटकळ जवळची वाटते. काहीजण म्हणतात की मूळ शब्द ‘हफ्त सीनी’ असावा. सीनी म्हणजे धातूचं तबक. फारसीत आहे, उर्दूत आहे, आमच्या घरात त्याला सेनी म्हणायचे आणि लग्नाची मिठाई त्यातून यायची. सात तबकं, सात सेन्या. सिद्ध झालेलं नाही हे. पण हा सण आधी भांड्यांचा होता आणि अक्षरांचा नंतर झाला, हे मानायला मला जड जात नाही.

टेबलावर या शब्दांच्या यादीबाहेरचं जे सामान असतं, ते तर सरळ घरातून उचललेलं असतं. आरसा आणि शमादानांची जोडी घ्या. इराणी लग्नात निकाहच्या वेळी नवरा-नवरीपुढे सफरा पसरतात, त्यावर आरसा आणि दोन शमादानं ठेवतात आणि नवरा त्या आरशात नवरीचा चेहरा बघतो. आपल्याकडच्या निकाहमधली आरसी-मुसहफची रस्म आठवली ना? तोच आरसा, तोच कुरआन. लग्न झाल्यावर इराणी घरात तो आरसा दिवाणखान्यात लागतो, आणि कितीतरी घरांत दर मार्चला तोच उतरवून हफ्त-सीनमध्ये ठेवला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या नवरीचा चेहरा ज्यात दिसला होता, त्यात आता नातवंडं आणि गव्हाचे अंकुर दिसतात. हल्लीच्या सजावटीच्या मासिकांतून ‘जुन्या वस्तूंचा नवा वापर’ म्हणून जे शिकवतात, ते हेच.

टेबल म्हणजे चार पायांचं लाकडी टेबल हीसुद्धा शहरी, अलीकडची सोय. मूळ शब्द सफरा. अरबीत सुफरा म्हणजे प्रवाशाची शिदोरी, आणि मग ती ज्यावर सोडायची ते चामड्याचं आसन. पैगंबर साहेब मेजावर न जेवता सुफऱ्यावर जेवत, असं हजरत अनस यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. आपला दस्तरखान त्याच कुळातला.

आणि गुलाबदाणी! या एका वस्तूवर मी तासभर बोलू शकते. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, गुलाब म्हणजे फुलाचं पाणी. हिंदुस्थानात येता येता पाण्याचं नाव फुलालाच चिकटलं, म्हणून आपल्याला ‘गुलाबपाणी’ म्हणावं लागतं, आणि त्यात पाणी दोनदा येतं. दान हा फारसी प्रत्यय, म्हणजे ठेवायची जागा. मराठीने त्याची दाणी केली आणि मग थांबलीच नाही: अत्तरदाणी, फुलदाणी, पिकदाणी, चहादाणी. लांब मानेची, वर छिद्रांचं बोंड असलेली ही सुरई इराणात नवरोजच्या सफऱ्यावर असते. मुंबईच्या पारशी घरात ती सेसमध्ये असते. सेस म्हणजे चांदीचं तबक, त्यात दिवा, कुंकवाची पिगानी, साखरेचं शंकूच्या आकाराचं भांडं, नारळ, विडा आणि गुलाबपाणी शिंपडायला हीच सुरई. ब्राह्मण-मराठा लग्नांत दाराशी अत्तरदाणीबरोबर हीच उभी असते. आमच्याकडे मौलूदला हीच. चांदीची असो की जर्मन सिल्व्हरची, घाट तोच.

वर्गातल्या त्या धड्यासाठी मी एक छोटी मांडणी केली होती. नवं काही आणलं नव्हतं. नानीचं पितळी पानदान होतं, त्यात काथ-चुन्याच्या पाच कटोऱ्या. सीनची अक्षरं शोधायला लागले तर निम्मं काम पानदानाने आधीच करून ठेवलेलं: सुपारी सीनने, सौंफ सीनने. मग सोंठ घातली, सिक्का म्हणून वीस पैशांचं जुनं ॲल्युमिनियमचं नाणं घातलं, पाचव्या कटोरीत सिरका. सेब शेजारी ठेवला. सब्जा मात्र पंधरा दिवस आधी पेरावा लागतो. दांडा तुटलेल्या चिनी मातीच्या कपाच्या बशीत गहू भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवले, तर मुलं रोज येऊन फडकं उचलून बघायची आणि मी रोज ओरडायचे. खाली अंथरायला अम्मीची जरीचे काठ निघालेली ओढणी.

एका मुलीचे अब्बा तिला न्यायला आले होते. त्यांनी ते बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, “आपा, हे आपलं आहे का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या माणसांना आज दोन्हीकडून हिशेब द्यावा लागतो. बाहेरचे विचारतात, तुम्ही इथले का? आणि आतले विचारतात, हे दीनमधलं का? मग माणूस घाबरून एकेक वस्तू टेबलावरून उचलायला लागतो. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, भाई, पानदान माझ्या नानीचं, ओढणी अम्मीची, गहू रेशनचा. यातलं परकं काय ते तुम्ही सांगा. ते हसले. पण प्रश्न होता सणाचा, म्हणून त्याचंही उत्तर दिलं. ते इथे जरा विस्ताराने लिहिते.

नवरोजबद्दल मुसलमानांमध्ये एकच एक मत कधी नव्हतं. इमाम अबू हनीफा यांच्या आजोबांनी नवरोजच्या दिवशी हजरत अली यांना फालूदा नजर केला आणि त्यांनी तो घेतला, अशी रिवायत आहे. फालूदा, बरं का, आज जो मोहम्मद अली रोडवर मिळतो त्याचा पूर्वज. त्याच अबू हनीफांच्या मसलकाच्या पुढच्या काळातल्या फिकहच्या किताबांत नवरोजच्या भेटींबद्दल कडक शब्द सापडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही आपल्याच. बगदादच्या खलिफांना तर नवरोजची वेगळीच अडचण होती. शेतसारा नवरोजला गोळा व्हायचा, आणि कॅलेंडर सरकत सरकत सण पीक हाती येण्याच्या आधीच येऊ लागला. शेतकरी देणार कुठून? म्हणून खलिफा मुअतजिद याने 895 साली साऱ्याचा नवरोज पुढे ढकलून 11 जूनवर नेला. सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात, 1079 साली, जलाली कॅलेंडरने तो पुन्हा वसंताच्या विषुवदिनाला पक्का केला. ते गणित करणाऱ्यांत उमर खय्याम होता.

दख्खनमध्येही हीच गरज होती. चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, पाऊस सरकत नाही. म्हणून इथे शुहूर सन चालला. आकडे अरबी, सलास, आर्बा, खमस, पण वर्षाची सुरुवात मृगापासून. शिवकाळातल्या मराठी कागदांवर तोच सन सापडतो. त्याला कुणी परका म्हटल्याचं निदान त्या कागदांत तरी दिसत नाही.

मुघलांपैकी अकबराने 1584 साली इलाही सन सुरू केला आणि नवरोजचा जल्लोष दरबारात एकोणीस दिवस चालू लागला. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात राज्याची वर्षं नवरोजपासून मोजतो. औरंगजेबाने 1659 साली दरबारी नवरोज बंद केला. आपल्याकडे लगेच एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट ठरवायची घाई होते, मला त्यात पडायचं नाही. इतकंच बघा की फर्मान दरबारापुरतं होतं. सण पुढेही लखनौत, हैदराबादेत, काश्मिरात घराघरांत राहिला. आणि मुंबई-पुण्यातले खोजा इस्माइली 21 मार्चला नवरोज करतात, ते मुसलमानच आहेत. भेंडीबाजारजवळची निळ्या फरशांची मुघल मशीद, जी इराणी व्यापाऱ्यांनी 1860 साली उभारली, तीही याच शहरातली. पारशी आणि इराणी जमशेदी नवरोज त्याच दिवशी करतात.

वसंतात घरातलं सामान काढून मांडायची हौस काही एकट्या इराणची नाही. काश्मिरी पंडित नवरेहच्या आदल्या रात्री थाळी भरून ठेवतात: तांदूळ, अक्रोड, दही, लेखणी, नाणं, आरसा, आणि पहाटे डोळे उघडताच ती बघायची. केरळात विषूच्या कणीत पुन्हा आरसा, पुन्हा नाणं, कणगीतलं धान्य. कुणी कुणाकडून घेतलं, याचा माग काढत बसण्यात मला रस नाही. हिवाळा संपला की माणसाला धान्य, पैसा आणि स्वतःचा चेहरा बघावासा वाटत असेल.

मराठी घरात तर चैत्रगौर आहेच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते, आणि मधल्या एका दिवशी हळदीकुंकू. आमच्या शेजारच्या काकूंची आरास मी लहानपणी दर वर्षी बघितली आहे. दुरून बघणाऱ्याला पायऱ्या-पायऱ्यांचं मखर दिसायचं. जवळच्यांना माहीत असायचं की सगळ्यात खाली लोखंडी ट्रंक आहे, त्यावर रॉकेलचे चौकोनी डबे, त्यावर उलटी पातेली, आणि वरून त्यांच्या लग्नातला शालू. पायऱ्यांवर पितळी खेळणी, कापून फुलासारखं उमललेलं कलिंगड, कैरीची डाळ, पन्ह्याचे पेले. त्या दिवशी दुपारी काकू भिंतीपलीकडून हाक मारायच्या, “भाभी, गुलाबदाणी!” आणि आमची गुलाबदाणी त्यांच्याकडे जायची. संध्याकाळी ओटीतल्या भिजवलेल्या हरभऱ्यांसकट परत यायची.

आता ती गुलाबदाणी नाही. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराने तांब्या-पितळेची भांडी मोडीत दिली आणि वजनावर स्टील घेतलं. कल्हईवाला येईनासा झाला होता आणि कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट शिजवता येत नाही, त्यामुळे त्यात कुणाचा दोष नव्हता. अम्मीच्या देगच्या, तस्त, आफताबा, सगळं एका दुपारी तराजूत गेलं. पानदान वाचलं, कारण त्यात अब्बा बटणं आणि सुया ठेवायचे, ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. आज मुघल मशिदीपासून फार लांब नसलेल्या चोर बाजारात तशाच गुलाबदाण्या ‘व्हिंटेज’ म्हणून मांडलेल्या दिसतात. कितीतरी बंद झालेल्या घरांचं सामान तिथे आहे. भाव विचारला की माणूस गप्प होतो. धर्म कुणी विचारत नाही, फक्त पितळ आहे की मुलामा, हे नखाने खरवडून बघतात.

माझ्याकडे आलेले ते पालक नंतर एकदा परत आले. या वेळी पिशवीत एक सेनी होती, काठाला वेलबुट्टी, मधोमध त्यांच्या दादीचं नाव उर्दूत ठोकलेलं. घरात पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ती वापरात होती. पुढच्या वर्षी कटोऱ्या यात ठेवा, म्हणाले. नावातलं पहिलं अक्षर सीन होतं का, हे मुलांनी तपासलंच. नव्हतं, साद होता.

इराणात तेराव्या दिवशी सगळे घराबाहेर पडतात, झाडाखाली सफरा पसरून जेवतात आणि अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. आम्ही आमचे गहू शाळेमागच्या नाल्यात सोडले, मुलांनी त्यावरून शर्यत लावली. अंडी मांडणीत नव्हती म्हणून त्यांची निराशा झाली होती, ती सेबच्या फोडींवर भागवली. सिक्का परत माझ्या पर्समध्ये आला. बशी घासून फडताळात गेली, आणि पानदानात आता पुन्हा बटणं आहेत.